दर दोनशे पावलांनी

तक्रारी एकूण एकतीस होत्या आणि सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच होतं. लांब शर्यतीच्या शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये हा बूट पायात असला, की मागे कोणीतरी आहे असं वाटतं.

त्या तक्रारी घेऊन यास्मिन मुजावर पुण्याहून स्वतः साताऱ्याला आली, याबद्दल मी तिची आजही आभारी आहे. ईमेलवर भागलं असतं. ती बूट बनवणाऱ्या कंपनीत मटेरियल इंजिनियर होती. तिशीची, मूळ मिरजेची. आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून तिने आधी आप्पांच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, रागावू नका. पण बिघाड तुमच्या वडिलांच्या चालीत आहे."

"त्यांच्या चालीत?" आई आतून म्हणाली. "चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर चालले मी. बिघाड माझ्या गुडघ्यात आहे."

यास्मिन हसली आणि मग हसायला नको होतं असं वाटून टॅबलेट काढू लागली. आप्पांना जाऊन नऊ महिने झाले होते. स्वादुपिंडाचा कर्करोग. निदानापासून एकोणीस दिवस मिळाले होते आम्हाला.

बुटाचं नाव 'पीस'. एका बुटाचं वजन एकशे अठरा ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या दोन अंड्यांएवढं. हलक्या बुटांची जुनी अडचण अशी, की त्यांचा तळवा फोमचा असतो आणि फोम म्हणजे हवेच्या लाखो बारीक खोल्या. पाय पडला की खोल्या दबतात, उचलला की फुगतात आणि फुगताना पळणाऱ्याला थोडी ताकद परत देतात. पण तीस किलोमीटरनंतर या खोल्यांच्या भिंती थकतात. दाबल्या की दबलेल्याच राहतात. माणसाला उसळीची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच बूट निर्जीव होतो.

'पीस'मध्ये या भिंतींतून केसाहून बारीक धागे विणलेले होते. पाय आपटल्याने तयार होणाऱ्या किंचित विजेवर ते आवळायचे किंवा सैल पडायचे. थकलेल्या भागाला विश्रांती द्यायची, ताज्या भागावर भार घ्यायचा, असं प्रत्येक पावलाला चालायचं. मात्र धागे वेळेत आवळायचे तर पाऊल पडण्याआधीच ते कसं पडणार हे बुटाला ठाऊक हवं. म्हणून बूट पळणाऱ्याची चाल शिकायचा. पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये तो तुमचा होऊन जायचा.

पण माणूस दमला की त्याची स्वतःचीच चाल मोडते. आज शिकलेलं उद्या कामाला येईल, इतपतही ती सरळ राहत नाही. अशा वेळी बुटाला धरायला काहीतरी पक्कं लागतं. त्यासाठी प्रत्येक जोडात एका अत्यंत स्थिर धावपटूची मूळ चाल भरलेली होती. ती चाल आप्पांची.

आप्पा, म्हणजे हणमंत किर्दत, भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. तरुणपणी साखळी घेऊन आणि नंतर यंत्र घेऊन तालुक्यातली शिवारं मोजत फिरले. यंत्र आल्यावरही पावलं मोजायची सवय गेली नाही. बाजारात भाजी घेऊन यायचे आणि सांगायचे, "आज सहा पावलं कमी लागली, खड्डा बुजवलाय." शर्यतींमध्ये ते कधी जिंकायला पळाले नाहीत. ते पेसर होते. पेसरच्या पाठीला एक झेंडा असतो, त्यावर वेळ लिहिलेली असते. 'सात तास' असा झेंडा असेल, तर त्याच्या मागे राहणारा माणूस सात तासांत पोचणार, हा त्याचा शब्द. मागे जमणाऱ्या घोळक्याला पळणारे लोक बस म्हणतात. आप्पांची बस अख्ख्या जिल्ह्यात प्रसिद्ध होती. दहा-वीस सेकंदांपलीकडे ती कधी चुकली नाही.

चार वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना बोलावलं तेव्हा प्रयोगशाळेत फिरत्या पट्ट्यावर पळायला सांगितलं. आप्पा दोन दिवस पळाले आणि म्हणाले, "ही माझी चाल नव्हं. मागं माणसं असली की मी नीट पळतो." मग कंपनीने सेन्सर लावून त्यांच्या सात शर्यती नोंदवल्या, रस्त्यावर, बससकट. घरी येऊन आप्पांनी आईला सांगितलं होतं, "आता देशभर लोक माझ्या पायांनी पळणार. तू फक्त माझ्या मोज्यांना नावं ठेव."

ते गेल्यावर मी पळायला लागले. तो बूट मात्र घेतला नव्हता.

यास्मिनने टॅबलेटवर आलेख दाखवला. सरळ जाणारी रेघ, मध्येच एक लहानसा उंचवटा. पुन्हा रेघ, पुन्हा उंचवटा.

"डावा पाय किंचित बाहेर वळून पडतो. जमिनीवर जरा जास्त वेळ राहतो. कंबर डावीकडे फिरते, पुढची दोन पावलं आखूड पडतात. बूट हेच घडवून आणतो, म्हणून लोकांना वाटतं मागे कोणी आहे. आणि हे होतं दर दोनशे पावलांनी. एकशे नव्व्याण्णव नाही, दोनशे एक नाही. आम्ही दोन महिने चिपमध्ये दोष शोधत बसलो. माणूस इतकं नेमकं चुकत नाही ना, मॅडम."

मी तिच्याकडे पाहत राहिले. मला त्या क्षणीच कळलं होतं.

"यात किती वेळ जातो?" मी विचारलं.

"एका वेळी चार दशांश सेकंद. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये दहा हजारांच्या आसपास पावलं, म्हणजे पन्नासदा. वीस सेकंद धरा." तिने एक तक्रार वर काढली. "ही नगरची मुलगी, निकिता. राष्ट्रीय निवडीत अकरा सेकंदांनी राहिली. वय बसत नाही, तिला पुढच्या वर्षी संधी नाही."

शरीराच्या नोंदींचा कायदा झाल्यापासून माणसाचा आवाज, चेहरा, चाल यांच्या नोंदीत त्याच्या किंवा त्याच्या वारसाच्या संमतीशिवाय काटछाट करता येत नाही. आप्पांनी नॉमिनी म्हणून माझं नाव दिलं होतं. माझी सही झाली तर तो उंचवटा सपाट होणार होता, सगळ्या बुटांतून, एका अपडेटने. नाही झाली तर जसं आहे तसं राहणार होतं, निदान कंपनी दुसरी चाल शोधेपर्यंत. त्याला वर्ष-दीड वर्ष लागलं असतं.

"डिसेंबरच्या पहिल्या रविवारी कास पन्नासची शर्यत आहे. ती झाल्यावर सांगितलं तर चालेल?" मी म्हटलं. "आणि मला माझ्या मापाचा एक जोड द्याल?"

"गाडीतच आहे," यास्मिन म्हणाली. "तुम्ही मागाल असं वाटलं होतं."

ती गेल्यावर आई कपबशा उचलता उचलता थांबली.

"डावीकडून मागं बघायचे ते. तेच असणार."

"तुला माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला? बाजारात जाताना मी कायम मागं, माझे गुडघे असे. हे पुढं पुढं. पण थोडं गेलं की मान वळायचीच. मी म्हणायचे, अहो, मी काय हरवणारे का? चला पुढं." तिने बशी पदराला पुसली. "माझ्यासाठी बघायचे गं."

"तुझ्यासाठीच बघत असणार," मी म्हणाले. ते खोटं होतं असं मला आजही वाटत नाही.

पण सुरुवात मला माहीत होती. मी आठ वर्षांची होते. आई सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नर्स, सकाळची पाळी. मला एकटीला घरी ठेवता येत नसे म्हणून आप्पा मला सरावाला घेऊन जायचे, यवतेश्वरच्या घाटात. ते पुढे, मी मागे, डोंगराच्या बाजूने, डावीकडे. एकदा मी खडीवरून घसरले. गुडघा फुटला. हाक मारायला श्वास नव्हता आणि आप्पा वळणाआड गेलेले. परत आले तेव्हा मी रडत नव्हते, भयंकर चिडले होते.

"दोनशे पावलं झाली की मागं बघायचं," मी हुकूम सोडला. "मोजून. तुम्हाला येतं ना मोजता?"

"येतं की बाईसाहेब. आणि तू दिसलीस तर काय करायचं?"

"मी हात वर करीन. मग जायचं."

तेव्हापासून दर दोनशे पावलांना त्यांची मान डावीकडे वळायची, मी हात वर करायचे आणि ते पुढे जायचे. चौदाव्या वर्षी मी जायचं बंद केलं. मैत्रिणी होत्या, क्लास होते, आणि वडिलांच्या मागे पळत जाणं मला शोभत नाही असं वाटू लागलं होतं. त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी धरून चालले होते की नियमही तिथेच संपला.

त्यांची चाल नोंदवली गेली तेव्हा मी चौतीस वर्षांची होते.

कासला जाणारा रस्ता मला पाठ आहे. साताऱ्यातून घाट चढायचा, पठाराच्या कडेकडेने तलावापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत. पन्नास किलोमीटर, मर्यादा साडेसात तास. आम्ही सहाला सुटलो. 'पीस' तोपर्यंत माझा झाला होता. सरावाचे सत्तर किलोमीटर त्याच्यावर झाले होते आणि मी मुद्दाम एकदाही दमेपर्यंत पळाले नव्हते. घाटात तो पायात आहे हेही जाणवत नव्हतं. कासला वळसा घालेपर्यंत साडेतीन तास झाले. ऊन अंगावर यायला लागलं. तिसाव्या किलोमीटरला मांड्या जड झाल्या, पस्तिसाव्याला खांदे पडले. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. स्नायूंत काय संपत आलंय हे मी फळ्यावर लिहून दाखवू शकले असते. त्याचा उपयोग काही नव्हता.

एकेचाळिसावा किलोमीटर असेल. माझा डावा पाय हलकेच बाहेर पडला, जणू कोणीतरी घोट्याला धरून सांगितलं, थांब जरा. कंबर वळली, कंबरेमागून खांदा, आणि मी मागे पाहिलं.

मागे एक माणूस होता. पन्नाशीचा, काटक, पायात जत्रेत मिळतात तसले बूट. तो मान खाली घालून येत होता.

दोनशे पावलांनी पुन्हा तसंच झालं. आणि पुन्हा. प्रत्येक वेळी ते वळणं ओळखीचं होतं. ते वळणं मी लहानपणी मागून पाहिलेलं होतं, आतून पहिल्यांदाच अनुभवत होते. पाय टाकायच्या आधी जरासा विचार, मग विश्वासाने टाकलेलं पाऊल, मग पुढे जाण्याआधीची ती दोन आखूड पावलं. त्या दोन पावलांत ते माझा हात वर होण्याची वाट बघत असणार. हे मला अडतिसाव्या वर्षी, एका बुटाने सांगितलं.

"ताई," मागून आवाज आला. "माझ्या मागं पोलीस लागलेत का? सारखं बघताय."

"नाही हो. सवय आहे."

"मग बघा, बघा. बरं वाटतंय." तो धापा टाकत जवळ आला. "बाळकृष्ण लोहार. कराड एसटी डेपो, मेकॅनिक. दोनदा आलो, दोनदा घाटाच्या तोंडाशी बसलो. आज बसलो तर बायको घरात घेणार नाही."

"का?"

"तिनं डेपोत पेढे सांगून ठेवलेत."

पुढे रस्ता सरळ होता, अर्ध्या-पाऊण किलोमीटरपर्यंत दिसणारा. त्यावर सात-आठ जण लांब लांब अंतराने पळत होते. चौघा-पाचजणांच्या बुटांचे तळवे 'पीस'चे, नारिंगी. आणि मग मी ते पाहिलं. सगळ्यात पुढच्या तरुणाची मान डावीकडे वळली. थोड्या वेळाने त्याच्यामागच्या बाईची. मग आणखी एकाची. प्रत्येकाची दोनशे पावलं वेगळी, म्हणून सगळे एकाच वेळी नाही. पण थोड्या थोड्या वेळाने कोणी ना कोणी, आप्पांसारखी हनुवटी खांद्याला टेकवून, मागे बघत होतं.

माझ्यापासून पन्नास पावलांवर एक मुलगी होती. ती वळली आणि काही कळायच्या आत मी हात वर केला.

ती गोंधळली. क्षणभर तिनेही हात वर केला, मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि वेग वाढवायला धडपडली. तिच्या चेहऱ्यावर वैताग होता. तिच्या मागे तिचं कोणी नव्हतं. तिला कोणी बघायला सांगितलं नव्हतं. ती नुसती मागे पडत होती.

त्या मुलीचं तोंड वाकडं झालेलं मी विसरू शकले नाही. आप्पांचा शब्द वेळेचा होता. त्यांच्यामुळे कोणाला वीस सेकंद उशीर झाला असं त्यांना कळलं असतं, तर ते त्या नगरच्या मुलीच्या घरी जाऊन माफी मागून आले असते.

पंचेचाळिसाव्या किलोमीटरला घाटाचा उतार लागला. माझी मांडी आखडली, बूट एकदा अडखळला, आणि लोहारांची पावलं मागून ऐकू येईनाशी झाली. मी वळून पाहिलं. ते कठड्याला धरून उभे होते.

"लोहार, पेढे!" मी ओरडले.

त्यांनी हात वर केला आणि निघाले.

मग थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं. बुटाने पाय बाहेर ओढला, तेव्हा मी नुकतीच मागे बघून झाले होते. लोहार थांबल्यापासून मी स्वतःच मोजत होते. एक, दोन, तीन. माझी दोनशे आणि बुटाची दोनशे वेगळी पडत होती. माझी झाली की मी बघायचे, लोहार हात वर करायचे. बुटाची झाली की नुसताच झोका बसायचा, कशासाठी ते त्याला ठाऊक नसायचं. चार किलोमीटर आम्ही असे उतरलो. बूट आठवत होता, मी बघत होते, आणि या दोन्हींतला फरक माझ्या पायातून डोक्यापर्यंत पोचायला एवढा घाट लागला.

सात तास एकवीस मिनिटांनी आम्ही दोघांनी रेघ ओलांडली. लोहार रस्त्यावर मांडी घालून बसले. गळ्यात पदक पडल्यावर ते उलटसुलट करून पाहिलं, जणू एखादा सुटा भाग तपासतायत.

"तुम्ही बघत होता म्हणून थांबलो नाही, ताई. लाज वाटत होती. कुणी शिकवलं हे?"

"आमच्या आप्पांनी," मी म्हणाले. मग खरं तेही सांगितलं. "म्हणजे मीच त्यांना शिकवलं होतं. ते विसरले नाहीत."

सोमवारी दुपारी यास्मिनला फोन केला. दोनशे पावलांचं कारण तिला सांगितलं, खडीपासून शेवटपर्यंत.

"म्हणजे तो दोष नव्हता," ती म्हणाली.

"माझ्यासाठी नव्हता. निकितासाठी आहे. काढून टाका, मी सही करते."

"तुमच्या जोडात तसाच ठेवता येईल. अपडेट घेऊ नका, म्हणजे झालं. सहाशे किलोमीटर टिकतो फोम. कपाटात ठेवलात तर..." ती अडखळली. "तर कितीही."

"आधी माझ्याच जोडात काढा. म्हणजे माझी पुन्हा चलबिचल नको. आणि यास्मिन, तुम्ही स्वतः आलात ते बरं केलंत. नाहीतर मला कधीच कळलं नसतं."

"ताई, मी त्यांच्या बसमध्ये पळालेय एकदा. सहा वर्षांपूर्वी," ती म्हणाली. मॅडमची ताई कधी झाले ते कळलं नाही. "पायाला फोड आला होता माझ्या. ते सारखे वळून बघत होते. त्यामुळे पोचले. म्हणून तर कंपनीत त्यांचं नाव मी सुचवलं होतं."

संध्याकाळी सही करून पाठवली. आईला सांगितलं.

"बरं केलंस. लोकांना उशीर झालेला त्यांना चालला नसता," ती म्हणाली आणि डाळीला फोडणी घातली.

डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलंय. आता ती माझ्याबरोबर घाटाच्या पायथ्याच्या रस्त्यावर येते, हातात काठी, पायात माझे जुने बूट. मी पुढे पळते, ती मागून येते. पहिल्याच दिवशी दोनशे झाली आणि मी डावीकडून वळून पाहिलं. आई काठी टेकून उभी राहिली. चष्मा वर करून माझ्याकडे पाहत राहिली, बराच वेळ.

मग तिने काठीच वर केली.

"मी काय हरवणारे का?" ती ओरडली. "चल, पळ पुढं!"

मी पळाले. एक, दोन, तीन.